बटणावरच ‘रेस’ लिहिलेलं असतं: क्रूझ कंट्रोलचे बिघाड आणि आपोआप पळणारी गाडी

निपाणीकडून परत येत होतो. कोगनोळीचा टोलनाका मागं पडला. कागलात पाहुण्यांकडं एक पिशवी पोचवायची होती म्हणून महामार्ग सोडून सर्व्हिस रोडला उतरलो. पुढं उसाची ट्रॉली बघून ॲक्सिलेटरवरचा पाय काढला. वेग पन्नासच्या आतबाहेर. तेवढ्यात मोबाईल वाजला, स्टिअरिंगवरचं फोनचं बटण दाबायला अंगठा गेला आणि गाडीनं रेस धरली. पाय कशावरच नाही, इंजिनचा आवाज चढतोय आणि ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं काचेजवळ येताहेत. ब्रेक मारला, गाडी थांबली. पुढची पाच मिनिटं मी स्टिअरिंग धरून नुसता बसून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरातलं शिवाजी उद्यमनगर गाठलं. मिस्त्रींना म्हटलं, क्रूझ (ॲक्सिलेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय) बिघडलंय, कायमचं बंद करून टाका. त्यांनी गाडी घेऊन एक फेरी मारली, परत आले, स्टिअरिंगवरच्या एका बटणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “दादा, गाडी शानी हाय. बटणावरच लिवलंय की ‘रेस’ म्हणून, आन् तुम्ही तेच दाबलंय.”

रिझ्युम या शब्दाची ती पहिली तीन इंग्रजी अक्षरं. निपाणीजवळ मी क्रूझ ९५ वर सेट केलं होतं, टोलनाक्यावर ब्रेक मारल्यावर ते सुटलं, पण आकडा गाडीच्या डोक्यात शिल्लक होता. अंगठा चुकून ‘रेस’वर पडला आणि गाडी इमानानं ९५ गाठायला निघाली.

‘गाडी आपोआप पळाली’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी अशा असतात: गाडी कुणाचा तरी हुकूम पाळत असते, फक्त तो कुणी दिला हे आपल्याला कळत नाही. खरे बिघाडही होतात. पण कारण शोधायचं काम नंतरचं. आधी गाडी थांबवायची.

गाडी ऐकत नसेल तेव्हा

ब्रेक इंजिनपेक्षा ताकदवान असतो, ही गोष्ट आधी मनात पक्की बसू दे. आपल्याकडची साधारण गाडी शून्यापासून शंभरला पोचायला दहा-बारा सेकंद घेते. तीच गाडी शंभरावरून जोरदार ब्रेक मारून तीन-चार सेकंदांत उभी राहते. इंजिन पूर्ण रेसवर असलं तरी चांगल्या स्थितीतले ब्रेक गाडीला थांबवतात, अंतर थोडं जास्त लागतं इतकंच.

मात्र ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीनं दाबायचा आणि दाबूनच धरायचा. सोड-दाब, सोड-दाब करायचं नाही. ब्रेक हलका लागतो तो बूस्टरमुळं, आणि बूस्टर चालतो व्हॅक्यूमवर. साध्या पेट्रोल गाडीत हा व्हॅक्यूम इंजिनच्या हवा ओढण्यातून मिळतो. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, पूर्ण उघडा राहिला की तो मिळायचा थांबतो आणि साठलेला दोन-तीन दाबांत संपतो. मग पेडल दगडासारखं घट्ट लागतं आणि ‘ब्रेकपण फेल झाला’ असं वाटतं. डिझेल गाड्यांत आणि काही टर्बो पेट्रोल गाड्यांत व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो, तिथं हा धोका कमी. तरी सवय एकच ठेवा.

ब्रेक दाबलेला असतानाच गाडी न्यूट्रलला काढायची. या लेखातला एकच शब्द लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा. मॅन्युअल गाडीत क्लच दाबला की काम झालं. ऑटोमॅटिकमध्ये बहुतेक गाड्यांचा लिव्हर ‘डी’वरून ‘एन’वर कुठलंही बटण न दाबता नुसत्या ढकलण्यानं जातो. गोल फिरवायचा किंवा छोट्या दांड्याचा इलेक्ट्रॉनिक गिअर असेल तर तो ‘एन’च्या बाजूला सेकंदभर धरून ठेवावा लागू शकतो. न्यूट्रल झाल्यावर इंजिन किंचाळेल, तिकडं लक्ष देऊ नका. आजच्या इंजिनांना आरपीएमची मर्यादा घातलेली असते. आणि समजा इंजिन गेलंच तरी ते पुन्हा बांधता येतं.

मग इंडिकेटर देऊन डाव्या कडेला घ्या आणि गाडी पूर्ण थांबल्यावर इंजिन बंद करा.

न्यूट्रल लागतच नसेल तरच चालत्या गाडीत इंजिन बंद करायचं. चावीची गाडी असेल तर चावी फक्त एक घर मागं. पूर्ण फिरवून बाहेर काढली तर स्टिअरिंग लॉक होईल. पुश बटण असेल तर नुसतं एकदा टिचकवून भागत नाही. काही गाड्यांत ते तीनेक सेकंद दाबून धरावं लागतं, काहींत पटापट तीनदा दाबावं लागतं. तुमच्या गाडीत काय, ते ग्लव्हबॉक्समधल्या पुस्तकात आहे. आजच बघा. इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग जड होईल, ब्रेकही दोन-तीन दाबांनंतर जड होईल. हे आधी ठाऊक असलं की घाबरायला होत नाही. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर त्याचं बटण ओढून धरून ठेवणं हाही बऱ्याच गाड्यांत आणीबाणीचा ब्रेक असतो.

याचा सराव करायचा. रविवारी सकाळी शेंडा पार्कच्या बाजूला रस्ता मोकळा बघा, तीस-चाळीसच्या वेगात गाडी न्यूट्रलला काढा आणि ब्रेक दाबून थांबवा. चार-पाच वेळा. घरातल्या प्रत्येकाकडून करून घ्या. माझ्या बायकोनं पहिल्या वेळी लिव्हर ढकलून थेट ‘आर’कडं नेला होता. गाडीनं रिव्हर्स घेतला नाही हे खरं, पण हाताला ‘एन’ कुठं आहे हे आधी माहीत नव्हतं, ते तिथं कळलं.

बिघाडासारखं दिसणारं, पण बिघाड नसलेलं

‘रेस’चं बटण झालं. त्यावर उपाय सोपा: महामार्ग सोडताना, टोलनाका आला की, क्रूझ मेन स्विचनंच बंद करा. बऱ्याच गाड्यांत त्यानं लक्षातला आकडाही पुसला जातो. नुसत्या ब्रेकनं किंवा कॅन्सल बटणानं तो पुसला जात नाही.

दुसरं, चढ-उतार. चढाला वेग पडला की क्रूझ जास्त रेस देतं, ऑटोमॅटिक गाडी एक-दोन गिअर खाली टाकते आणि इंजिन एकदम गरजतं. उलट तवंदी घाटासारख्या उताराला साधं क्रूझ फक्त रेस सोडतं. बऱ्याच गाड्यांत ब्रेक मारायची ताकद त्याला नसते. मग ऐंशीला लावलेली गाडी नव्वदच्या पुढं जाते. तो बिघाड नव्हे, गुरुत्वाकर्षण. आंबा घाट, करूळ, भुईबावडा इथं तर क्रूझला हातच लावायचा नाही.

तिसरं प्रकरण नव्या गाड्यांतलं: पुढच्या गाडीशी अंतर राखणारं ॲडॅप्टिव्ह क्रूझ. पुढं साठनं चाललेला ट्रक सर्व्हिस रोडला वळला, रस्ता मोकळा दिसला, की तुमची गाडी पुन्हा सेट वेगाकडं झेपावते. वळणावर रडारच्या टप्प्यातून पुढची गाडी निसटली तरी तेच होतं. शिवाय यातल्या अनेक यंत्रणा मुळातच उभ्या असलेल्या वाहनाला दाद देत नाहीत, हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं. गळिताच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर काय असतं ते वेगळं सांगायला नको. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस फूटभर बाहेर, आणि वेग बैलगाडीचा. रडारला ते काय दिसेल याच्या भरवशावर मी तरी राहणार नाही. दिवस मावळल्यावर हंगामात ॲडॅप्टिव्ह क्रूझ बंद, हा आमच्या घरचा नियम.

याच यंत्रणेचा अस्सल कोल्हापुरी बिघाड म्हणजे हार. रडार पुढच्या जाळीमागं किंवा कंपनीच्या चिन्हामागं बसवलेलं असतं, कॅमेरा पुढच्या काचेवर आरशाजवळ. खंडेनवमीला आपण नेमका त्याच जाळीवर झेंडूचा जाडजूड हार चढवतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेहून आलेली गाडी गुलालानं माखलेली असते, तो गुलाल काचेवर आणि जाळीवर पातळ थरानं चिकटून बसतो. मग डॅशबोर्डवर ‘सेन्सर झाकला गेला आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि क्रूझ मधेच सुटतं. पूजा जरूर करा, फक्त हार बॉनेटवर घाला आणि निघायच्या आधी काच व जाळी ओल्या फडक्यानं पुसा.

पाय, मॅट आणि पायताण

हा भाग लोकांना लागतो, कारण दोष आपल्याकडं येतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीवर आपोआप पळण्याचा आरोप झाला, प्रकरण टीव्हीवर गाजलं, गाडीची विक्री कोसळली. १९८९ साली तिथल्या सरकारी तपासाचा निष्कर्ष निघाला की बहुतेक घटनांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलेटरवर होता. गंमत अशी की त्या चालकांची खात्री होती की आपण ब्रेकच दाबतोय. म्हणून गाडी पळायला लागली तसा त्यांनी पाय आणखी जोरात दाबला. ब्रेक दाबल्याशिवाय ‘पी’तून लिव्हर न निघण्याची सोय सर्रास आली ती या प्रकरणानंतर.

हे बहुधा पार्किंगमध्ये, ऑटोमॅटिक किंवा एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या गाडीत होतं. चाळीस वर्षं क्लचवर चालवलेल्या वडिलांना आपण हौसेनं ऑटोमॅटिक घेऊन देतो तेव्हा जास्तच. उजवी टाच ब्रेकच्या समोर टेकवून ठेवायची आणि ॲक्सिलेटरसाठी फक्त चवडा उजवीकडं फिरवायचा. दचकलं की पाय आपसूक सरळ, म्हणजे ब्रेकवर पडतो. शंका असेल तर सोसायटीचं किंवा शेजारच्या दुकानाचं सीसीटीव्ही बघा. गाडी पळताना मागचे ब्रेकचे दिवे लागलेले नसतील, तर बहुधा पाय दुसऱ्या पेडलवर होता.

मॅटची गोष्ट आणखी साधी आणि आणखी भयंकर. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एका लेक्सस गाडीचा असा अपघात झाला आणि चार माणसं गेली. त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली होती आणि ॲक्सिलेटर तिच्यात अडकला होता. त्यानंतर टोयोटानं लाखो गाड्या मॅट आणि चिकटणाऱ्या पेडलसाठी परत बोलावल्या. अमेरिकी सरकारनं इलेक्ट्रॉनिक्सचा तपास थेट नासाकडं दिला. २०११ च्या अहवालात धोकादायक वेग देईल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. पुढं २०१३ साली ओक्लाहोमातल्या ज्युरीनं एका अपघातात कंपनीविरुद्ध कौल दिला, त्या खटल्यात सॉफ्टवेअरवरच बोट ठेवलेलं होतं. आणि २०१४ मध्ये माहिती दडवल्याबद्दल कंपनीनं १२० कोटी डॉलर भरले. म्हणजे ‘सगळं चालकाचंच चुकलं’ असंही म्हणता येत नाही.

आपल्याकडं पावसाळ्यात काय होतं? मूळ मॅटवर चिखलासाठी दुसरी रबरी मॅट, तिच्यावर वर्तमानपत्र. मॅटला कंपनीनं दिलेले हूक असतात, ते वरच्या मॅटला लागतच नाहीत. खाली वाका, ॲक्सिलेटर हातानं तळापर्यंत दाबा आणि सोडा. पेडल आणि मॅटमध्ये दोन बोटं आरामात जायला हवीत. सीटखालची पाण्याची बाटलीही काढा, ती ब्रेक मारल्यावर पुढं येते आणि नेमकी पेडलखाली बसते.

आणि आपलं कोल्हापुरी पायताण. कातडी तळ कडक, ओला झाला की गुळगुळीत, आणि कानवाली चप्पल असेल तर बाजूचा कान बाहेर आलेला. ती कडा ब्रेक सोडताना शेजारच्या पेडलला घासते. लग्नाला जाताना चप्पल मागं ठेवा, गाडीत एक जुना बूटजोड कायमचा असू दे. कापशी चप्पल घालून गाडी मारायचा रुबाब मला कळतो, पण मी सोडला.

खरा बिघाड कसा ओळखायचा

आजच्या गाडीत ॲक्सिलेटरला केबल नसते. पेडलमध्ये दोन स्वतंत्र सेन्सर असतात, दोघांचे व्होल्टेज मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, दोन्ही सतत ताडून बघतो. हिशेब जुळला नाही की चेक लाईट लागते आणि गाडी रेसच घेत नाही. म्हणजे बिघडलेलं पेडल गाडीला बहुधा लंगडी करतं, पळवत नाही. जुन्या केबलवाल्या गाडीत मात्र तुटत आलेली केबल, थकलेली स्प्रिंग किंवा कार्बन धरलेला थ्रॉटल यांमुळं रेस खरोखर अडकून राहते. केबलची तार एक धागा जरी उसवली असेल तरी ती बदलायची.

क्रूझच्या बाबतीत पहिला संशय ब्रेक पेडलवरच्या स्विचवर घ्या. दोन-चारशे रुपयांपासून मिळणारी वस्तू, पण ब्रेकचा दिवा लावणं, क्रूझ सोडवणं, पुश बटणाला ‘पाय ब्रेकवर आहे’ हे सांगणं, ‘पी’तून लिव्हर मोकळा करणं, ही सगळी कामं तिच्या जिवावर चालतात. त्यामुळं क्रूझ लागतच नाही, कधी गाडी सुरू होत नाही, कधी लिव्हर अडतो, अशी लक्षणं एकदम दिसली तर वेगवेगळे बिघाड शोधत बसू नका. रात्री गाडीची पाठ भिंतीकडं करा, आरशात बघत ब्रेकवर पायाचा नुसता भार द्या. पेडल जरासं हललं की भिंत लाल झाली पाहिजे, आणि पाय काढताच विझली पाहिजे. दिवा उशिरा लागला तर क्रूझही उशिराच सुटणार.

क्रूझ सोडवणारा स्विच किती महाग पडू शकतो याचं उदाहरण फोर्डचं आहे. अमेरिकेत १९९९ ते २००९ दरम्यान कंपनीनं क्रूझ सोडवणाऱ्या स्विचसाठी अनेक टप्प्यांत दीड कोटीच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. त्या स्विचमध्ये ब्रेक ऑइल झिरपायचं आणि त्याला वीज कायम जोडलेली असल्यानं बंद करून लावलेली गाडीही पेटायची.

मॅन्युअल गाडीत क्रूझ चालू असताना क्लच दाबला आणि इंजिन एकदम वर गेलं, तर क्लचचा स्विच बघा. स्टिअरिंगवरची बटणं मधेच मरतात, हॉर्न कधी वाजतो कधी नाही, एअरबॅगची लाईट लागते, तर स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगला वीज पोचवणारी गुंडाळलेली वायरची पट्टी) तुटत आली आहे. एबीएसची लाईट आणि क्रूझ एकाच वेळी गेलं, तर चाकाचा स्पीड सेन्सर किंवा त्याची वायर.

आता पुराचं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद होता आणि शहरातल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन, पुसून, अत्तर मारून पुढं विकल्या गेल्या. पेडलजवळचे, गालिच्याखालचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, उघडून बघा. पितळेवर हिरवी बुरशी दिसली की गाडीनं पाणी प्यायलंय. असे कपलर आज चालतात, उद्या पावसात नाही, परवा पुन्हा चालतात, आणि स्कॅनरवर दर वेळी वेगळा फॉल्ट कोड दाखवतात. जुनी गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, आत मातीची रेघ सापडते.

बाहेरून बसवलेलं क्रूझ किंवा पिकअप वाढवणारा पेडल बॉक्स असेल, तर तपासाची सुरुवात तो काढण्यापासून. हे डबे पेडल आणि ईसीयूच्या मधे बसून खोटा सिग्नल पाठवतात. त्यासाठीच ते विकत घेतलेले असतात, मग तक्रार कुणाची करणार?

डिझेलवाल्यांसाठी एक वेगळा इशारा. टर्बोचं सील गेलं किंवा इंजिनात ऑइल जास्त झालं, तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळू लागतं. निळा-पांढरा धूर, वाढत जाणारा आवाज, आणि चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर गाडी उभी करून सगळ्यात वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच झटकन सोडा. इंजिन गुदमरून बंद पडेल. ऑटोमॅटिक असेल तर सगळ्यांना उतरवून लांब व्हा, बॉनेट उघडून हात घालू नका. बीएस-६ डिझेल गाडी फक्त राजारामपुरी ते बिंदू चौक अशी गावातल्या गावात फिरवत असाल, तर डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीची) सफाई अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. महिन्यातून एकदा पट्टी काढून पाहा. ऑइल कमी झालं तर आपण धावपळ करतो. वाढलं तर तेवढंच गंभीर.

गॅरेजमध्ये आणि पुढं

महामार्गावर अडकलात तर १०३३. गाडी हलवायच्या आधी मॅटचा, पेडलचा आणि डॅशबोर्डचा फोटो काढा. वेग किती होता, क्रूझ चालू होतं का, बोट कुठं होतं, पाऊस होता का, हे तिथंच मोबाईलवर बोलून ठेवा, दुसऱ्या दिवशी आठवणीत भर पडलेली असते. बॅटरीची केबल काढू देऊ नका आणि स्कॅनिंगआधी कोड पुसू देऊ नका. आधी स्कॅनचा फोटो, मग काम. जॉब कार्डवर ‘सर्व्हिसिंग’ नव्हे, ‘क्रूझ चालू नसताना वेग वाढला’ असं नेमकं वाक्य लिहून घ्या.

चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल आहे का बघा. १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम लागू आहेत आणि सात वर्षांच्या आतल्या गाडीतल्या सुरक्षेच्या दोषाची तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवर करता येते. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. तिथं जॉब कार्डवरचं ते एक वाक्य कामाला येतं.

दुरुस्ती झाली की गाडी लगेच लांबच्या प्रवासाला काढू नका. सकाळी गोकुळ शिरगावच्या पुढं रहदारी कमी असताना साठवर क्रूझ लावा. कॅन्सल बटणानं सोडवा, पुन्हा लावा. ब्रेकवर नुसता भार देऊन सोडवा, पुन्हा लावा. मॅन्युअल असेल तर क्लचनं सोडवा. मग ‘रेस’ दाबा आणि गाडी कशी उचलते ते पायाला, कानाला कळू दे. यातलं एकदा जरी ते सुटलं नाही, तरी मेन स्विच बंद करून पुढच्या वळणावरून गाडी परत मिस्त्रींकडं.